गरम झाली की सेल्फ अडखळतो: डुकाटी ८४८ ला नवी बॅटरी घेण्याआधी काय मोजायचं

घरून निघताना गाडी पहिल्या झटक्यात चालू होते. सिंहगडाच्या पायथ्याशी चहाला थांबून पंधरा मिनिटांनी बटण दाबलं की सेल्फ एकदाच ‘ढुंक’ करतो, पिस्टन कॉम्प्रेशनपर्यंत येतो आणि तिथेच अडतो. डॅशबोर्ड क्षणभर काळा पडतो, घड्याळ शून्यावर जातं. तिसऱ्या-चौथ्या दाबाला कशीबशी उठते. मग बॅटरी बदलली जाते, एक-दोन महिने सगळं छान चालतं आणि पुढच्या उकाड्यात पुन्हा तेच.

८४८ (२००८ ते २०१०) आणि ८४८ इव्हो (२०११ ते २०१३) या दोन्हींत ही तक्रार ठरलेली आहे. ८४९ सीसीचं व्ही-ट्विन, ९४ मिमीचा बोअर, साध्या ८४८ ला १२:१ आणि इव्होला १३.२:१ कॉम्प्रेशन. असं इंजिन फिरवायला सेल्फला भरपूर करंट लागतो, आणि त्या वाटेत कुठेही थोडासा अडथळा आला की सगळ्यात आधी तो गरम इंजिनावर जाणवतो. ८९९, ९५९, मॉन्स्टर, सुपरस्पोर्ट किंवा एप्रिलिया आरएस ६६० असली तरी खालची तपासणी तशीच लागू होते, फक्त पार्टच्या जागा बदलतात.

नव्या बॅटरीने गाडी बरी होते, याचा अर्थ जुनी बॅटरी दोषी होती असा होत नाही. नवी बॅटरी तगडी असते, म्हणून वाटेतला तोटा ती काही आठवडे झाकून टाकते. मूळ दोष केबलमध्ये, अर्थमध्ये (बॅटरीच्या मायनसचा इंजिनाशी असलेला जोड) किंवा चार्जिंगच्या कपलरमध्ये (वायरी जोडणारा प्लग) तसाच राहतो आणि हळूहळू नव्या बॅटरीलाही खातो. म्हणून आधी मल्टिमीटर, नंतर खरेदी.

गरम झाल्यावरच का?

कारणं तीन आहेत आणि ती एकाच वेळी अंगावर येतात.

पहिलं तांब्याचं. तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. सकाळी ३० अंशांवर असलेली केबल आणि स्टार्टरची (सेल्फच्या मोटरची) वाइंडिंग इंजिनाच्या कुशीत ९० अंशांवर गेली, तर रोध जवळजवळ पावपट वाढलेला असतो. स्टार्टरमधले कायमचे चुंबकही तापले की थोडे दुबळे होतात, म्हणजे तेवढ्याच करंटमध्ये जोर कमी मिळतो.

दुसरं, जोडांवरचा तोटा. सेल्फ फिरताना १०० ते १५० ऍम्पिअरच्या घरात करंट जातो असं धरा. एखाद्या थिंबलखाली (केबलच्या टोकाचं भोकाचं धातूचं टर्मिनल) किंवा अर्थच्या बोल्टखाली फक्त ५ मिलीओहम जास्तीचा रोध असेल, तर १५० ऍम्पिअरला तिथे ०.७५ व्होल्ट नुसते उष्णतेत जातात. असे दोन जोड झाले की दीड व्होल्ट गेला. साधा मीटर ५ मिलीओहम दाखवतच नाही, त्यामुळे ‘कंटिन्युइटी बघितली, बीप आला, केबल ठीक आहे’ हा निष्कर्ष इथे काहीच कामाचा नाही. बीप एका बारीक तारेच्या केसालाही येतो.

तिसरं पुण्याच्या रस्त्यांचं. हिंजवडीहून संध्याकाळी निघालात, विद्यापीठ चौकात अडकलात, की इंजिन आयडलवर, दोन्ही फॅन चालू, हेडलाइट चालू. ५५ वॅटचा एक दिवाच साडेचार ऍम्पिअर खातो. त्यात फॅन, फ्युएल पंप, इग्निशन. आयडलवर अल्टरनेटर एवढं जेमतेम भागवतो, कधी तेवढंही नाही, आणि उरलेलं बॅटरीतून जातं. म्हणजे पाऊण तास गाडी चालवूनही बॅटरी निघाल्यापेक्षा रिकामी होऊन घरी पोचते. हायवेवर साताऱ्याकडे गेलेली गाडी परतीला कधी त्रास देत नाही आणि शहरातली देते, याचं कारण हेच.

तक्रार नीट ओळखा

सेल्फ सगळीकडे हळू फिरतो, थंड-गरम फरक नाही: बॅटरी, किंवा गाडी उभी असताना काहीतरी करंट खातंय. थंड ठीक आणि गरम हळू: केबल, अर्थ, स्टार्टर. टकटकटक असा पटापट आवाज: व्होल्टेज इतकं पडतंय की सोलेनॉइड (सेल्फला बॅटरीशी जोडणारा मोठा रिले) धरू शकत नाही. एकच ठोस ‘टक’ आणि पुढे शांतता: सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट किंवा स्टार्टरचे कार्बन. चालत्या गाडीवर दिवे कमी-जास्त होणं, डॅश रीसेट होणं: चार्जिंग. सेल्फ भन्नाट फिरतोय, इंजिन मात्र फिरत नाही: वन-वे क्लच, त्याबद्दल शेवटी.

सामान फार लागत नाही. मिन-मॅक्स धरून ठेवणारा एक बरा मल्टिमीटर, १०० ऍम्पिअरच्या वर मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर मिळाला तर उत्तम, मगरपकड लावलेल्या लांब वायरी, ऍलन की, पितळी ब्रश, पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि डायइलेक्ट्रिक ग्रीस. आणि बटण दाबायला एक माणूस. ८४८ ची बॅटरी डाव्या फेअरिंगच्या आत असते, तेव्हा ते फेअरिंग उतरवल्याशिवाय काम सुरू होत नाही. क्विक-रिलीज बोल्टचे वायसर एका डबीत टाका, हरवले की फेअरिंग थरथरतं.

बॅटरीची खरी परिस्थिती

गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी किल्ली एक-दोन मिनिटं चालू करून दिवा लावा, बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. चार्जरवरून काढल्या-काढल्या मोजलेला आकडा फसवा असतो. साध्या एजीएम (सीलबंद शिसे-ऍसिड) बॅटरीला १२.८ म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊणच्या आसपास, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. अर्ध्या बॅटरीवर पुढची कोणतीही तपासणी करू नका, आधी १ ऍम्पिअरच्या चार्जरवर पूर्ण भरा. ८४८ ला वायटी१२बी-बीएस ही १२ व्होल्ट, १० ऍम्पिअर-अवरची बॅटरी बसते, म्हणून १ ऍम्पिअर योग्य. कारचा ५-६ ऍम्पिअरचा चार्जर तिला लावू नका.

लिथियम बसवली असेल तर आकडे वेगळे. तिचा भरलेला विश्रांतीचा आकडा १३.३ च्या आसपास असतो, आणि १२.८ दिसलं तर ती बरीच रिकामी आहे. डिसल्फेशन मोड (शिशाच्या बॅटरीला जास्त व्होल्टचे झटके देणारा) असलेला चार्जर लिथियमला लावायचा नाही.

आता मीटर मिन-मॅक्सवर टाका, प्रोब थेट शिशाच्या टोकावर ठेवा, थिंबलवर नाही, बोल्टवर तर नाहीच. सेल्फ मारा. किमान आकडा १० च्या वर राहिला तर बॅटरी काम करण्याच्या स्थितीत आहे. ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे, किंवा स्टार्टर अवाच्या सवा करंट ओढतोय. क्लॅम्प मीटर असेल तर इथेच उत्तर मिळतं. एका वेळी ५ सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका आणि दोन प्रयत्नांत किमान अर्धा मिनिट जाऊ द्या.

हीच मोजणी गरम इंजिनावर पुन्हा करायची. इथे बहुतेक जण कंटाळा करतात. फेअरिंग न लावता सोसायटीच्या आवारात फॅन दोन-तीनदा चालू-बंद होईपर्यंत गाडी चालू ठेवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा. इंजिन बंद केल्यावर हवा थांबते आणि उष्णता स्टार्टरमध्ये मुरते. तो मुरलेला दहावा-पंधरावा मिनिटच खरा परीक्षेचा. थंड गाडीवरच्या आकड्यांनी या तक्रारीचं निदान होत नाही.

वाटेत किती व्होल्ट गळतात

ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी, आणि गॅरेजमध्ये सर्रास वगळली जाणारीही.

मीटर डीसी व्होल्टवर. एक प्रोब बॅटरीच्या प्लस टोकावर, दुसरा सोलेनॉइडच्या बॅटरीकडच्या जाड स्टडवर. सेल्फ मारत असताना वाचा. ०.२ च्या आत हवं. मग सोलेनॉइडच्या स्टार्टरकडच्या स्टडपासून स्टार्टरच्या स्टडपर्यंत: तिथेही ०.२ च्या आत. मग अर्थची बाजू: बॅटरीच्या मायनस टोकापासून स्टार्टरच्या बॉडीपर्यंत, ०.३ च्या आत. या तिन्हींत मिन-मॅक्सचा कमाल आकडा सेल्फच्या पहिल्या धक्क्याचा असतो, तो थोडा मोठा येणारच; फिरत असतानाचा स्थिर आकडा महत्त्वाचा.

सोलेनॉइडच्या दोन स्टडच्या मध्ये मोजताना मात्र गफलत होते. बटण दाबण्याआधी तिथे १२ व्होल्ट दिसतात, कारण सोलेनॉइड उघडा आहे. बटण दाबलं की आकडा शून्याजवळ येतो. तिथे कमाल आकडा धरून ठेवणारा मीटर १२ च दाखवेल आणि तुम्ही चांगला सोलेनॉइड फेकून द्याल. दुसऱ्याला बटण दाबायला लावा आणि पडद्यावर डोळ्यांनी वाचा. ०.२ च्या आत ठीक, ०.४-०.५ म्हणजे कॉन्टॅक्ट जळलेत.

आता आकड्यांची बेरीज करा. बॅटरीच्या टोकांवर १०.८ आहेत आणि स्टार्टरच्या स्टड व बॉडीमध्ये फक्त ८.९, तर १.९ व्होल्ट वाटेत गेले. अशा गाडीला दुप्पट ताकदीची बॅटरी घातली तरी तोटा राहणारच. उलट बॅटरीवर ९.२ आणि स्टार्टरवर ८.८ असतील तर केबल निर्दोष आहेत, दोष बॅटरीत किंवा स्टार्टरमध्ये आहे. तासाभराच्या या कामाने खर्च कुठे करायचा ते कळतं.

अर्थचा आकडा मोठा आला तर तो आणखी तोडा. मायनस टोकापासून अर्थच्या थिंबलपर्यंत, थिंबलपासून इंजिनाच्या केसपर्यंत, केसपासून स्टार्टरच्या बॉडीपर्यंत. थिंबल आणि केसमध्ये तोटा असेल तर बोल्टखाली रंग, पांढरी भुकटी किंवा चेनच्या स्प्रेचा चिकट थर सापडतो. बोल्ट काढा, केसवरची जागा पॉलिश पेपरने थिंबलच्या आकाराएवढीच चकचकीत करा, थिंबलची खालची बाजूही. कोरडं धातू-धातू घट्ट बसवा आणि मगच वरून ग्रीस. ग्रीस आधी लावून बोल्ट ओढायचा नाही.

केबल बदलायच्या असतील तर

८४८ च्या गाडीवाल्यांमध्ये जाड स्टार्टर केबलचा उपाय जगभर रुळलेला आहे, आणि तो खरोखर काम करतो. तयार किट मागवता येतं, पण पुण्यात घरी बनवणंही कठीण नाही. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत बारीक तारांची शुद्ध तांब्याची केबल मिळते. १६ चौरस मिमीची घ्या. १ मीटरला तिचा रोध १.१ मिलीओहम, म्हणजे १५० ऍम्पिअरला ०.१६ व्होल्ट. २५ चौरस मिमी कागदावर आणखी चांगली, पण ती ताठ असते. फ्रेम आणि इंजिनामधल्या वळणांत बसवताना सोलेनॉइडच्या स्टडवर सतत ताण देते. १६ पुरे. तांब्याचा मुलामा दिलेली अल्युमिनियमची केबल दुकानात शेजारीच ठेवलेली असते आणि दिसायला अगदी सारखी. टोक चाकूने खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर परत करा.

तीन तुकडे लागतात: बॅटरी ते सोलेनॉइड, सोलेनॉइड ते स्टार्टर, बॅटरी ते इंजिनाचा अर्थ. जुन्या केबलच्या वाटेने सुतळी फिरवून लांबी घ्या आणि प्रत्येकी ३-४ सेंमी जास्त धरा. सगळं मिळून २ मीटर घेतली तर कमी पडत नाही. टिन केलेली तांब्याची सहा थिंबल घ्या. भोकाचं माप स्टडवर प्रत्यक्ष बघून ठरवा, कारण बॅटरी आणि स्टार्टरचं एकच असेल असं नाही. मोठं भोक चालवून घेतलं तर टेकणारी जागा कमी होते आणि आपण पुन्हा ५ मिलीओहम बनवतो.

थिंबल पक्कडीने किंवा छिन्नी-हातोडीने चेपू नका. षटकोनी जबड्याचा हायड्रॉलिक क्रिंपर बहुतेक केबलवाले दुकानातच वापरतात. तिथेच चेपून घ्या. चेपलेलं थिंबल हातात धरून केबल पूर्ण जोराने ओढा, हललं तर तो जोड बाद. वरून आत गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा, म्हणजे पावसाळ्यात पाणी तारांमधून वर चढत नाही.

बसवताना मायनस आधी सोडायचा, शेवटी जोडायचा. स्टार्टरच्या स्टडवर दोन नट असतात: आतला धरून ठेवायचा आणि बाहेरचा ओढायचा. आतला न धरता बाहेरचा आवळला तर स्टड फिरतो, आतलं इन्सुलेशन तुटतं आणि चांगला स्टार्टर हकनाक जातो. स्टडवरची रबरी टोपी विसरू नका. आणि ही नवी केबल एक्झॉस्टच्या पाइपपासून लांब बांधा; व्ही-ट्विनच्या मागच्या सिलिंडरचा पाइप स्लीव्ह सहज वितळवतो.

चार्जिंगची बाजू

केबल बदलून सेल्फ जोरात फिरू लागला तरी बॅटरी भरत नसेल, तर प्रश्न फक्त पुढे ढकलला आहे. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर मोजा: आयडलवर, ३,००० आरपीएमवर, ५,००० आरपीएमवर. ३,००० च्या वर १३.८ ते १४.५ हवेत. हेच फॅन चालू असताना आणि इंजिन पूर्ण तापल्यावर पुन्हा. थंड असताना १४.२ आणि गरम झाल्यावर १३.१, हे मरणाऱ्या रेग्युलेटरचं किंवा जळक्या कपलरचं लक्षण. १५ च्या वर गेलं तर गाडी तिथेच बंद करा. रेग्युलेटर फुटलाय, आणि पुढे बॅटरी फुगते, ईसीयूचाही (इंजिनाच्या कंट्रोल कॉम्प्युटरचाही) भरवसा राहत नाही.

आकडा कमी आला की लगेच आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर) मागवू नका. स्टेटरपासून (अल्टरनेटरच्या स्थिर वाइंडिंगपासून) निघालेल्या तीन पिवळ्या वायरींचा माग काढा आणि त्यांचं कपलर शोधा. ते सोडून उजेडात धरा. सुरुवातीला एका पिनेभोवतीचं प्लास्टिक मधाच्या रंगाचं झालेलं दिसतं. नंतर तेच तपकिरी, मग काळं, ठिसूळ, आणि त्या एका वायरीचं पिवळं आवरण बोटभर लांबीपर्यंत कडक झालेलं, वाकवलं की भेगाळणारं. बाकीच्या दोन पिना कधीकधी कोऱ्या असतात. त्या एका सैल पिनेतून जाणारा करंट तिथेच उष्णता बनतो, उष्णतेने पिनेची स्प्रिंग आणखी मऊ होते, पकड आणखी सैल होते. हे चक्र आपोआप थांबत नाही. वर्षभर वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा फवारा आणि पावसाळा त्यात भर घालतात.

कॉन्टॅक्ट क्लीनर मारून असं कपलर वाचत नाही. काळी झालेली वायर मागे कापत जा, आतलं तांबं लखलखीत दिसेपर्यंत. काळ्या तांब्यावर क्रिंपही धरत नाही आणि सोल्डरही. नवं जाड पिनांचं, रबरी सील असलेलं कपलर लावा किंवा तिन्ही वायरी वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकींपासून ३-४ सेंमी अंतरावर, बट-क्रिंपने जोडून गोंदवाली स्लीव्ह चढवा. माझा कल दुसऱ्या पद्धतीकडे आहे. स्टेटर कधी काढायचाच झाला तर तीन जोड कापावे लागतील, पण तोपर्यंत तिथे काही सैल होत नाही. तिन्ही पिवळ्या वायरींचा क्रम कसाही चालतो.

कपलर सोडलेलंच आहे तर स्टेटर तपासून घ्या. पिवळ्या वायरींच्या तिन्ही जोड्यांमध्ये ओहम मोजा. आकडा एक ओहमच्या बराच खाली येतो, मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध त्यातून वजा करा. तिन्ही सारखे हवेत. मग प्रत्येक पिवळी आणि इंजिनाची केस: इथे काहीच जोड दिसता कामा नये. गरम इंजिनावर हेच पुन्हा, कारण वाइंडिंगवरचं भाजलेलं वार्निश थंड असताना चांगलं वाटतं आणि तापल्यावर अर्थ होतं. शेवटी इंजिन चालू करून एसी व्होल्ट, ३,००० आरपीएमला: साधारण ४० ते ६० च्या दरम्यान. नेमक्या आकड्यापेक्षा तिन्ही जोड्या एकमेकींशी एक-दोन व्होल्टच्या आत जुळणं जास्त महत्त्वाचं. उघड्या पिनांना हात लावू नका, हा झटका चांगलाच लागतो. एक जोडी कमी आली तर स्टेटर गेला. तो डाव्या इंजिन कव्हरच्या आत आहे, आणि कव्हर ओढताना चुंबक ते झटक्याने परत खेचतं, बोटं मधे ठेवू नका.

स्टेटर ठीक, कपलर ठीक, अर्थ ठीक, तरी १३.५ च्या वर जात नाही, तेव्हाच आरआर युनिट. त्याआधी एक छोटी मोजणी: युनिटच्या प्लस वायरपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत, इंजिन ३,००० वर असताना. ०.३ हून जास्त तोटा असेल तर फ्यूज आणि त्याचा होल्डर बघा. होल्डरच्या पात्या सैल झाल्या की फ्यूजचा पारदर्शक भाग धुरकट होतो. फ्यूज जळलेला नसतो, पण पाय वितळलेले असतात.

जुन्या पद्धतीचं शंट युनिट जास्तीची वीज अर्थला शॉर्ट करून व्होल्टेज आवरतं, त्यामुळे स्टेटर जवळजवळ कायम पूर्ण करंट वाहतो आणि युनिट चटका बसेल इतकं तापतं. सिरीज पद्धतीचं युनिट, जसं शिंडेंगेनचं एसएच७७५, वीज नको असेल तेव्हा वाट उघडतं. स्टेटर आणि कपलर दोघंही थंड राहतात. घाटात तासन्‌तास कमी वेगाने चढणाऱ्या गाडीसाठी हा बदल पैशांचं चीज करतो. शिंडेंगेनचंच एफएच०२०एए मॉस्फेट असलं तरी शंटच आहे. ते स्वतः कमी तापतं, पण स्टेटरवरचा भार तसाच राहतो. दोन्हींच्या नकला भरपूर फिरतात. छापील अक्षरं अस्पष्ट, पाठीमागचा राळेचा थर खडबडीत आणि किंमत अर्ध्याहून कमी असेल तर ते युनिट नाना पेठेतलं असो की ऑनलाइनचं, घेऊ नका. बसवताना पाठ धातूच्या सपाट प्लेटवर टेकली पाहिजे आणि समोरून हवा मिळाली पाहिजे. प्लस-मायनस वेगळ्या जाड वायरीने, ३० ऍम्पिअरच्या फ्यूजमधून थेट बॅटरीवर न्या.

उभ्या गाडीची गळती

आठवडाभर बेसमेंटमध्ये उभी राहून रविवारीच निघणाऱ्या गाडीत हेही बघा. किल्ली बंद, मायनस वायर सोडून मीटर मधे मालिकेत, १० ऍम्पिअरच्या खाचेत. मीटर लावलेला असताना किल्ली चालू करायची नाही, मीटरचा फ्यूज उडतो. नुसत्या घड्याळाला काही मिलीऍम्पिअर लागतात. जीपीएस ट्रॅकर किंवा अलार्ममुळे २० मिलीऍम्पिअर जात असतील तर दिवसाला ०.४८ ऍम्पिअर-अवर, म्हणजे १० ऍम्पिअर-अवरची बॅटरी दहा दिवसांत अर्धी. हँडलवरचा यूएसबी चार्जर थेट बॅटरीवर जोडलेला असेल तर तो आधी किल्लीमागच्या रिलेवर घ्या. पार्किंगमध्ये प्लग नसेल तर बॅटरीवर एक सीलबंद चार्जिंग लीड कायमची बसवून ठेवा आणि पंधरा दिवसांतून एकदा रात्रभर चार्जर लावा.

अर्धमेल्या बॅटरीवर सेल्फ मारत राहू नका

व्होल्टेज पडलं की सेल्फ पिस्टनला कॉम्प्रेशनच्या पलीकडे पोचवू शकत नाही, ठिणगी मात्र पडते आणि क्रँक उलटा मारतो. तो उलटा धक्का वन-वे क्लच, म्हणजे स्प्रॅग, अंगावर घेतो. धातूचा जोरात ‘खटाक’ आवाज आला की तो धक्का बसला समजा. असे काही धक्के झाले की स्प्रॅगचे दाते गुळगुळीत होतात, सेल्फ मोकळाच फिरतो, आणि मग डावं कव्हर, फ्लायव्हील आणि त्याचा प्रचंड आवळलेला नट काढावा लागतो. त्याला खास पुलर आणि फ्लायव्हील धरायचं हत्यार लागतं. ते नसेल तर घरी हात घालू नका. वाटेत अडकलात तर कारची बॅटरी जम्पर वायरने जोडा, कारचं इंजिन बंद ठेवून. ढकलून चालू करण्यात अर्थ नाही, कारण फ्युएल पंप आणि ईसीयूलाच व्होल्ट पुरत नाहीत.

नवी बॅटरी खरंच लागणार असेल तर ऍसिड ओतून लगेच बसवलेली घेऊ नका. ऍसिड भरल्यावर तासभर स्थिरावू द्या, मग पहिला पूर्ण चार्ज करा. हा पहिला चार्ज चुकला तर ती बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही.

दुरुस्ती झाल्यावर गरम इंजिनावरचे चार आकडे सीटखाली चिकटवायच्या कागदावर तारखेसह लिहा: सेल्फच्या वेळी बॅटरी, प्लसचा तोटा, अर्थचा तोटा, ३,००० वर फॅन चालू असतानाचं चार्जिंग. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर थांबून पिवळ्या वायरींच्या जोडांना हात लावा. कोमट चालेल, बोट ठेवता येत नसेल तर तो जोड पुन्हा करा. पुढची मोजणी मेअखेरीस, पाऊस सुरू होण्याआधी.